स्टुलावरून पाहिलेला एक फेरा

कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करणारा तो माणूस. सव्वीस वर्षं हेच एक काम केलं, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव मतदारांच्या यादीत तेवढं शिल्लक होतं.

त्याच्या कामाची एक रीत होती. दुसरे कारागीर घरात आले की आधी मशीनची पाठ उघडतात आणि फरशीवर स्क्रूंचा सडा घालतात. मिस्त्री आला की एक स्टूल मागायचा. मशीन चालू करायचा आणि शेजारी बसून, पाणी भरल्यापासून ते शेवटचं गरगरणं थांबेपर्यंत, एक पूर्ण फेरा नुसता बघायचा. हात मांडीवर, कान मशीनकडे. घरातली माणसं आपसांत कुजबुजत, "हा दुरुस्तीला आलाय की सिनेमाला?" पण तासाभरानं तो उठला की नेमका दोष सांगायचा, आणि स्क्रू काढायचा ते दोनच. "यंत्र कधी खोटं बोलत नाही," तो म्हणे. "आपणच मध्ये बोलतो, म्हणून ऐकू येत नाही."

असा हा कानाचा पक्का माणूस गेले सहा महिने स्वतःच्या घरात चाचपडत होता. त्याची बायको दमत होती. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. सकाळी उठायची तीच दमलेली. बसल्या जागी छातीत धडधडायचं, झोप चिमूटभर लागायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा कार्डिओग्राम काढला आणि कागद परत देत म्हणाले, "सगळं उत्तम आहे. विश्रांती घ्या." बाहेर आल्यावर ती हसली. "घेते की. कुठल्या दुकानात मिळते तेवढं सांगा."

मिस्त्रीला कळेना. त्याच्या घरात बटणावर चालणारं जे जे असतं ते सगळं होतं. कपड्यांचं मशीन, भांड्यांचं मशीन, ओव्हन, दार उघडं राहिलं तर हाक मारणारा फ्रिज, पाणी गाळणारी टाकी. एकेक वस्तू त्यानं हौसेनं आणली होती, स्वतः बसवली होती. शेजारणी म्हणायच्या, "मिस्त्रीवहिनी, तुमची काय, मजा आहे बाई!" आणि त्याची मान ताठ व्हायची. मग ही दमते तरी कशानं?

मंगळवारी जेवताना बायको म्हणाली, "शनिवारी मी ताईकडे जाते."

"किती दिवस?"

"बघू."

घास त्याच्या हातातच राहिला. तो शब्द त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. एखाद्या मशीनचं आता काही व्हायचं नाही हे कळलं, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर ते सांगवेना, की तो स्वतः तेच म्हणायचा. बघू.

बुधवारी त्याला काम सुचलं नाही. गुरुवारी सकाळी त्यानं गाडी काढलीच नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसला.

बायको दारातच थबकली. "हे काय? बरं वाटत नाही का?"

"आज सुट्टी घेतलीय."

"मग हॉलमध्ये बसा ना. इथं काय आहे?"

"तू तुझं काम कर. मी फक्त बघणार."

"अहो, माझ्याकडे असं बघताय, जसं काही माझी गॅरंटी संपलीय." ती बोलली खरी, पण तिलाही हसू आलं. कॉलेजला निघालेली लेक बूट चढवत म्हणाली, "आई, सांभाळ. आता पाठ उघडतील तुझी."

आणि फेरा सुरू झाला.

चहाचा कप तिच्या हातात आला. पहिला घोट घेते न घेते तोच कपड्यांचं मशीन टिंगटिंग वाजलं. कप ओट्यावर राहिला. ती कपडे काढायला गेली, दुसरे टाकून आली. येते तर फ्रिज हाक मारत होता, लेकीनं दार नीट लावलं नव्हतं. ते लावलं. भांड्यांच्या मशीनमधलं मीठ संपल्याचा दिवा लागला होता. मीठ घातलं. ओव्हन वाजला. कप पुन्हा उचलला आणि फोन वाजला.

हा फोन तक्रारींचा. वीस वर्षांपूर्वी मिस्त्रीनं गाडीच्या दोन्ही बाजूंना घरचाच नंबर रंगवून घेतला होता. आपण दिवसभर फिरतीवर, तेव्हा घरी कुणीतरी उचलेल, एवढाच विचार. पुढं घरचा फोन गेला, मोबाइल आला, गाडीवर त्याचा नंबर आला आणि तो मोबाइल बायकोच्या कमरेला कायमचा लागला. मिस्त्रीच्या स्वतःच्या फोनवर फक्त तिचा निरोप यायचा. तिसरा मजला, पाणी सुटत नाही. दूधडेअरीच्या मागे, दार उघडत नाही. दोन ओळी, स्वच्छ धुतलेल्या, वाळवलेल्या. आधी त्या कशा मळलेल्या असतात, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"वहिनी, आज तिसरा दिवस!" फोनमधला आवाज स्टुलापर्यंत येत होता. "घरात कपड्यांचा डोंगर झालाय. मिस्त्रींना काय आता वाजतगाजत आणायला येऊ?"

"नाही हो, उद्या नक्की पाठवते."

"परवाही तुम्ही उद्याच म्हणालात. मुलाला ओला गणवेश घालून पाठवलाय मी आज. तुम्हाला काय, तुमच्या घरी मशीन असेल चालू!"

"चुकलं माझं," बायको म्हणाली.

मिस्त्री स्टुलावर चुळबुळला. चूक त्याची होती. त्या घरी त्यानं जायला हवं होतं. पण मध्ये बोलायचं नाही, हा त्याचाच नियम.

तिनं निरोप लिहायला घेतला तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. दुसरी एक बाई मशीनबद्दल दोन वाक्यं बोलली आणि मग रडायलाच लागली. सासू अंथरुणावर, चादरी दिवसातून चारदा बदलायच्या, नवरा म्हणतो मशीन आहे ना, मग तू काय करतेस? बायको ऐकत होती. एका हातानं भांडी लावत होती आणि "हो गं, हो, कळतं मला" म्हणत होती. ओट्यावर चहावर साय धरली होती.

मिस्त्रीच्या खिशात कामाची वही असायची. तिच्यात तो रेघा मारत गेला. संध्याकाळपर्यंत तक्रारींचे फोन एकतीस झाले, यंत्रांच्या हाका सत्तावीस. त्याशिवाय लेकीचे चार, "आई, माझा पांढरा शर्ट धुतलास?" असे. तो शर्ट आदल्या संध्याकाळी दोन तास घातलेला होता. बायको बसली मोजून पाच वेळा, आणि पाचही वेळा उठवली गेली. सहाव्यांदा बसली तेव्हा काहीच वाजलं नाही, तरी तिची मान अधूनमधून ओट्याकडे वळत होती. तिचे खांदे कानांना लागले होते. कुठलंच यंत्र असं बसत नाही. बंद केलं की ते बंद होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. अख्ख्या गावाची मशीनं या माणसानं स्टुलावर बसून ऐकली, आणि ज्या आवाजांनी घर पोखरलं ते त्यानंच घरी आणले होते.

"झाला का सिनेमा बघून?" बायकोनं विचारलं. "सापडला दोष?"

"सापडला. पण तुझ्यात नाही."

ती हळूच म्हणाली, "हातानं धुवायचे दिवस परत हवेत असं नाही हं माझं म्हणणं. कंबर मोडायची तेव्हा. पण धुणं झालं की झालेलं असायचं. आता काहीच होत नाही. एक संपतं तेव्हा दुसरं हाक मारतं. आणि लोक ओरडतात ते तुमच्यावर, पण लागतं ते मला. अंथरुणावर पडले तरी कान फोनकडेच."

"बोलली नाहीस कधी."

"काय बोलू? सगळं आहे घरात. कशाची तक्रार करायची? आणि कुणाकडे? तक्रारीचा नंबर तर माझाच."

मिस्त्री उठला. हत्यारांची पेटी उघडून त्यानं वाजणारं एकेक मशीन पुढे ओढलं. प्रत्येकाच्या सर्किटवर शर्टाच्या गुंडीएवढी एक काळी टिकली असते, तिच्यातूनच तो आवाज येतो. कटरनं त्यानं चारही टिकल्या छाटल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. मग हात पुढे केला. "फोन दे."

"तुम्ही उचलणार? गाडी चालवताना?"

"गाडी थांबवून उचलेन. कामं कमी झाली तर कमी करीन."

"चार दिवसांत परत द्याल."

"बघ तरी."

शुक्रवारी सकाळी मशीन मुकाट्यानं थांबलं. तरी बायको नेमक्या त्या मिनिटाला कप ठेवून उठली. "झालं असेल."

"असू दे झालेलं. कपडे पळून जात नाहीत."

ती उभीच राहिली, अवघडून, रजा न मागता शाळा बुडवणाऱ्या पोरीसारखी. मग बसली. चहा संपवला. गरम होता की नाही हे ती बोलली नाही आणि त्यानंही विचारलं नाही. वीस वर्षांत बसलेली खोड एका दिवसात जात नाही, हे त्या कारागिराला सांगायला नको होतं.

शनिवारी ती गेलीच. पिशवी आधीच भरलेली होती. बसच्या दारात पाय ठेवताना मागे वळून म्हणाली, "बुधवारी येते. आणि लेकीला सांगा, शर्ट दोनदा घातला तरी चालतो."

घरी येऊन त्यानं कुलूप काढलं तोच खिशातला फोन वाजला.

"वहिनी, अहो काय सांगू..."

"वहिनी नाहीत. मी मिस्त्री बोलतोय."

पलीकडून जरा नाराज आवाजात, "मग मी नंतर करते. त्या कधी येतील?"

"बुधवारी. पण तेव्हाही फोन माझ्याकडेच असणार. बोला तुम्ही."

"मशीनचं आहे... म्हणजे नुसतं मशीनचंच असं नाही..."

स्वयंपाकघरात ते स्टूल अजून तिथंच होतं. मिस्त्री त्यावर बसला, एक हात मांडीवर ठेवला, आणि मध्ये एक शब्दही न बोलता त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.