बाण नसलेला गेम

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तलाव, जंगल आणि धानाचे बांध दोन्हीकडे वाटले गेले. राग तेवढा वाटायचा राहिला, आणि तो सगळाच्या सगळा आंधळगावला माझ्या मेहुण्याच्या घरी जाऊन बसला, असं माझं ठाम मत आहे. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सकाळी तो टूथब्रशवर चिडतो, जेवताना वरणावर चिडतो, आणि उरलेला सगळा राग त्याने आजकालच्या व्हिडिओ गेमसाठी राखून ठेवलेला असतो. एकदा मी नुसतं "कसं काय?" विचारलं, तर म्हणाला, "हे काय गेम होय भाऊजी? पोट्ट्यायचं बोट धरून चालवून राहिले. इकडं जा, तिकडं जा, डोक्यावर बाण. मंग खेळतो कोन, तुमी का बाण?" मी माझ्या डोक्यावर हात फिरवून पाहिला. बाण नव्हता. केसही फारसे नव्हते.

या रागापायी त्याने नागपूरची चांगली नोकरी सोडली आणि गावी येऊन एकट्याने स्वतःचा गेम बनवायला घेतला. घर विणकरांचं. माग वडिलांनीच केव्हाचा काढून टाकला होता, पण विणताना पाय सोडून बसायचा खड्डा तसाच होता. मेहुण्याने त्यावर फळी टाकून कॉम्प्युटर मांडला आणि खड्ड्यात पाय सोडून बसू लागला. मी कौतुकाने खुर्ची नेऊन दिली, तर खुर्चीवर रागावला. "खुर्चीत मान्साले झोप येते," म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझी सगळी सरकारी नोकरी मला आठवली.

गेम तयार झाल्यावर पहिला खेळाडू म्हणून त्याने मला निवडलं. कारण विचारलं, तर "तुमाले काईच येत नाई ना, म्हनून." गोष्ट साधी होती. तलावाचं पाणी शेतात सोडायचं दार, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, त्याचा दट्ट्या चोरीला गेलाय, पाणी वाहून चाललंय. धान वाळायच्या आत तो शोधून आणायचा. चित्रं जुन्या पद्धतीची, चौकटी-चौकटींची. आवाज नाही, सगळं वाचायचं. लढाई म्हणजे तर शिक्षा. आपण रानडुकराला एक काठी मारायची, मग हात बांधून उभं राहायचं, मग डुकराने विचार करून आपल्याला मारायचं. आमच्या कचेरीतली फाइलसुद्धा त्याहून लवकर सरकते. मेलात की पार पहिल्यापासून सुरू. मी गेममधल्या करडी गावच्या एका म्हातारीला विचारलं, "दट्ट्या कुठे आहे?" तिने सांगितलं, सिहोऱ्याला. सिहोऱ्याला दट्ट्या नव्हता, डुक्कर होतं. असा मी किती वेळा मेलो ते बायकोला ठाऊक आहे, कारण दर वेळी ती आतून विचारायची, "कायले वरडून राहिले तुमी?"

शेवटी तणतणत मी गाडी काढली आणि आंधळगाव गाठलं. म्हातारी खोटं सांगते म्हटल्यावर मेहुणा खड्ड्यातूनच म्हणाला, "तुमी बसले होते तिच्यापाशी?"

"नाही."

"पानी घेतलं? धान कसं आहे, इचारलं?"

"अरे, गेममध्ये पाणी कशाला पिऊ?"

"मंग काहून सांगन ते तुमाले? आल्या आल्या दट्ट्या मांगता. तुमी कोन लागून गेले?"

चरफडत घरी आलो. म्हातारीच्या ओसरीवर बसलो, पाणी प्यालो, तिच्या दोन्ही सुनांची गाऱ्हाणी ऐकली. ती बोलत राहिली, मी वाचत राहिलो, आत आमच्या वरणाला फोडणी बसून ते थंडही झालं. आणि मग ती हळूच म्हणाली की दट्ट्या तिनेच काढलाय. तिचं शेत पार शेवटाला. पाणी सोडताना आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी चष्मा काढून ठेवला. मग मला भयंकर राग आला. जो माणूस सख्ख्या बहिणीशीही कधी दोन वाक्यं धड बोलला नाही, त्याने एवढी माया ठेवली होती कुठे?

पुण्याच्या एका कंपनीला गेम आवडला. अट एकच: बसणं, पाणी पिणं काढा आणि डोक्यावर बाण लावा. नाहीतर लोक कंटाळतील, गेम कोणी घेणार नाही. मेहुण्याने फोनवर त्यांना असं झापलं की शेजारचं कुत्रं उठून गेलं. मी खूश झालो. पण महिने गेले, दुसरं कोणी विचारेना. माझ्या बायकोने त्याला समजावलं, "बाबू, किती दिवस त्या खड्ड्यात बसून राहशीन?" मी मधे पडलो, "बाण लावू नकोस." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमचा पगार येते ना भाऊजी."

त्याने बाण लावला. गेम निघाला, चालला. मीही खेळलो. बाण मला थेट म्हातारीपाशी घेऊन गेला, एक बटण दाबलं, दट्ट्या हातात आला. ती काही बोलली नाही. बोलायला जागाच ठेवली नव्हती.

दिवाळीत मेहुणा आमच्याकडे आला. नवा शर्ट, केस विंचरलेले. मी मुद्दाम म्हटलं, "तुझ्यापेक्षा मोबाइलवरचे ते फुकटचे गेम बरे." बायकोने चकलीची ताटली त्याच्यापासून लांब सरकवली.

"बरोबर हाये भाऊजी," तो म्हणाला. "लोकायले तेच पाह्यजे."

मग माझाच तोल गेला. काय बरोबर आहे? ती म्हातारी, तिचं शेत, दार उघडून बसवून घेणारी ती माणसं, हे कुठल्या मोबाइलवर आहे दाखव मला. माझा आवाज चढत गेला. त्याच्या बाजूने मी त्याच्याशीच कितीतरी वेळ भांडत होतो, आणि तो खुर्चीत मागे टेकून, थोरामोठ्यांचं ऐकावं तसा, शांतपणे ऐकत होता.