मानकऱ्यांसमोरचा माइक

रेकॉर्डिंग चांगलं की वाईट, हे ओळखायची माझी एक स्वतःची रीत आहे आणि ती मी सासऱ्यांच्या अडकित्त्याकडून शिकले.

साठ सालानंतरची गोष्ट. धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. कार्तिकातल्या सप्ताहासाठी गावी आले ते सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन. आमचे 'हे' देवळातल्या भजनाचे बुवा. गळा गोड, असं सगळा गाव म्हणायचा. फक्त मामंजी म्हणत नसत. मामंजी देवळाचे मुख्य मानकरी. पहिला नारळ त्यांचा, पहिला टिळा त्यांना, प्रसादही आधी त्यांच्याच हातावर. भजन रंगून संपलं, लोक ह्यांच्या पाया पडायला लागले, की मामंजी मुलाला एवढंच विचारत, "बैलांक पाणी दाखवलंस?"

त्या वर्षी हे मला म्हणाले, "यंत्रातून माझो गळो मीच आयकतंय. बरो नसलो तर पेटी वरच्या वाडीक देवन टाकतंय. बाबा उगाच गप रवणत नाय." मी थट्टा करणार होते, पण ते पेटीवरच्या कापडाची फार नीट घडी घालत होते.

सप्ताहात आमच्या वाडीची पाळी दुपारची. भाऊजींनी माइक काढला आणि पेटीपुढे ठेवायला निघाले, तोच गुरवाने त्यांना अडवलं. देवळात नवी वस्तू आली तर तिचा मान आधी मानकऱ्यांचा. भाऊजींनी आवाज, अंतर वगैरे बरंच समजावलं. जाणत्यांनी ते मन लावून ऐकलं, माइकला हळदकुंकू लावलं आणि तो मामंजींसमोर, पानाच्या तबकाशेजारी मांडला. हे खांबापलीकडे, माइककडे पाठ करून गायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर माणूस मावेना. भाऊजींनी मान तिरपी करून कळ दाबली. आधी एक भयंकर खरखर झाली. भाऊजी म्हणाले, हा यंत्राचा दोष. तो दोष नव्हता, मामंजी मांडी बदलत होते. मग अडकित्ता सुरू झाला. कट. कट. सुपारी अशी स्वच्छ फुटत होती, की ओटीवरच्या दोघांनी नकळत हात पुढे केले. मग चुन्याची डबी उघडली. मग मामंजींनी यंदाच्या भाताबद्दल गुरवाला चार गोष्टी सांगितल्या. आणि या सगळ्याच्या मागे, धामापूरच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर बसून कुणीतरी अभंग गात असावं, तसे आमचे हे.

भाऊजी म्हणाले, मुंबईत असली टेप कुणी फुकट घेणार नाही. ह्यांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे एकदा बघितलं.

एवढ्यात टेपवरचा अडकित्ता थांबला.

गाणं तसंच लांबून येत होतं, पण ह्यांनी सूर वर नेला आणि तिथेच धरला. सुपारी फुटेना. डबी वाजेना. देवळात एवढी माणसं असून कुणी खोकलंसुद्धा नाही. मग अगदी माइकच्या तोंडाशी मामंजींचा आवाज आला, हळू, गुरवाला सांगितल्यासारखा.

"माझ्या आयेचो गळो आसा ह्येका. पण तेका सांगा नको हां. फुगतलो."

ओटीवर मामंजी समोरच बसले होते. ते सावकाश उठले, उपरणं झटकलं, "बैलांक पाणी दाखवूक होया," म्हणाले आणि स्वतःच गोठ्याकडे गेले. तिथे गडी आधीच पाणी पाजत होता, हे त्यांनाही दिसत होतं.

पुढल्या वर्षी भाऊजींनी देवाला वेगळं गाऱ्हाणं घालून माइक पेटीपुढे ठेवायची परवानगी मिळवली. ती टेप काचेसारखी स्वच्छ निघाली. शेजारच्या गावचे बुवा ती ऐकून गेले, वाहवा म्हणाले. आमच्या घरी मात्र ती कुणी दुसऱ्यांदा लावली नाही.

पाहुणे आले की हे पहिलीच टेप लावायचे. ती सुरू झाली की मामंजी, आपल्याला त्यात रस नाही हे दाखवायला, तबक उचलून अंगणात जाऊन बसायचे. मग आत एक अडकित्ता वाजायचा आणि बाहेर एक. ती जागा आली की दोन्ही थांबायचे.