फोन न वाजलेला हंगाम

लिव्हियू होसू आमच्या फुटबॉल क्लबात चौदा वर्षं दुय्यम प्रशिक्षक होता. मी तिथला मालिशवाला, त्यामुळे त्याची दुखरी पाठ आणि त्याची गाऱ्हाणी, दोन्ही माझ्याच वाट्याला यायची. मुरेश नदीकाठचं आमचं गाव लहान. साखर कारखाना बंद पडल्यापासून गावाला बोलायला विषय एकच उरला होता: आपली टीम दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत दरवर्षी आठवी, नववी नाहीतर दहावीच का येते? वर चढत नाही, खालीही पडत नाही.

न्हाव्याच्या दुकानात यावरून दोन तट होते. एक तट म्हणे, सगळा दोष मालकाचा. मालक म्हणजे ऑक्टाव सोमेशान, मांसाची सलामी बनवणाऱ्या कारखान्याचे. सामना चालू असताना ते वरच्या काचेच्या खोलीतून खाली बाकावर फोन करत, "याला काढ, त्याला घाल." मध्यंतरात स्वतः खेळाडूंच्या खोलीत येत. दुसरा तट म्हणे, मालक बिचारा जीव ओततो, प्रशिक्षकच कुचकामी मिळतात. चौदा वर्षांत नऊ प्रशिक्षक आले नि गेले. एक गेला की दुसरा येईपर्यंत दोन-तीन सामने लिव्हियू सांभाळायचा आणि नवा आला की पुन्हा सरावाचे शंकू मांडायला लागायचा.

लिव्हियू पहिल्या तटाचा. माझ्या टेबलावर पालथा पडून तो नेहमी म्हणे, "मला एक हंगाम मिळू दे. फोन वाजायला नको, बस. मग बघ."

आणि तसा हंगाम मिळाला. जुलैत सोमेशानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. त्यांची मुलगी कोरिना स्टेडियमवर आली. लिव्हियूला म्हणाली, "बाबांना वर्षभर फुटबॉल बंद. घरात निकालसुद्धा सांगायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. नवा माणूस शोधायला मला वेळ नाही. टीम तुम्हीच बघा. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

त्या दिवशी लिव्हियू माझ्याकडे आला तो पाठीसाठी नव्हता. टेबलाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "तिबीला बाहेर बसवतो."

तिबी म्हणजे मालकांच्या गावचा, चौतीस वर्षांचा आघाडीचा खेळाडू. गुडघे संपलेले, पण मालकांच्या यादीत पहिला. लिव्हियूने त्याला खरंच बसवला, दोन तरणी पोरं बाजूंनी पळवली आणि पहिला सामना तीन-शून्य जिंकला. पुढचाही जिंकला. पहिला तट न्हाव्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी पाजत होता.

सप्टेंबरात दोन सामने हरलो. त्यात विशेष काही नव्हतं, पण तिसऱ्या सामन्याला यादीत तिबीचं नाव आलं. मी विचारलं, तर लिव्हियू म्हणाला, "अनुभवी माणूस लागतो रे अशा वेळी."

नोव्हेंबरातला एक सामना माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही एक-शून्यने पुढे होतो, वीस मिनिटं उरली होती. डाव्या बाजूचा पोरगा समोरच्यांना नुसता नाचवत होता. लिव्हियूचा फोन बाकावर माझ्याशेजारी पडला होता. लिव्हियूने वर काचेच्या खोलीकडे पाहिलं. खोलीत अंधार होता. त्याने फोनकडे पाहिलं. मग त्या पोराला बाहेर काढून आणखी एक बचावपटू आत घातला. पोरगा येताना म्हणाला, "लिव्हियूकाका, मी दमलो नव्हतो." शेवटच्या मिनिटाला आमच्यावर गोल बसला. एक-एक.

सामन्यानंतर खेळाडूंच्या रिकाम्या खोलीत मी त्याच्या शेजारी बसलो. "कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "मालकांनी हेच सांगितलं असतं, नाही का?"

मे महिन्यात आम्ही नववे आलो. आता दुसऱ्या तटाने कॉफी पाजली. लिव्हियूने न्हाव्याकडे जाणं सोडलं, केस मानेवर आले तरी.

जूनमध्ये डॉक्टरांनी बंदी उठवली. त्याच आठवड्यात लिव्हियू सोमेशानांकडे गेला. सोबत चल म्हणाला, म्हणून मीही गेलो. मालक चेरीच्या झाडाखाली बसले होते, अंगाने निम्मे झालेले, समोर बिनमिठाचं सूप.

"कितवे?" त्यांनी विचारलं.

"नववे."

सोमेशान थोडंसं हसले. "माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवाय."

"म्हणजे गावभर उगाच माझी बदनामी चालली होती."

"उगाच नव्हती," लिव्हियू म्हणाला. त्याच्याकडून असा स्वर मी पहिल्यांदाच ऐकला. "चौदा वर्षं तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. या वर्षी सांगायला कोणी नव्हतं, तरी मी तेच केलं. आता त्यात तुमचं किती आणि माझं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. मी तुम्हाला एकदाही नाही म्हटलं नाही, हे मात्र नक्की माझं."

सोमेशानांनी चमचा खाली ठेवला. "पहिला प्रशिक्षक आठवतो? तो उंच, तिमिशोआराचा. तो मला नाही म्हणाला होता. तोंडावर. तीन आठवड्यांत घालवला मी त्याला. पुढचे आठ निवडताना मी एवढंच बघायचो, की हा नाही म्हणणारा तर नाही ना." मग म्हणाले, "तो चांगला होता, लिव्हियू. नंतर दुसरीकडे त्याने टीम वर नेली. मी पेपरात वाचायचो."

कोरिनाने चेरींची वाटी आणून ठेवली.

"पुढच्या हंगामाचं काय?" मालकांनी विचारलं. "राहतोस?"

"नाही," लिव्हियू म्हणाला.

सोमेशानांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे पहिलं," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. दिलगिरीही म्हणता येणार नाही. वाटी त्यांनी आमच्याकडे सरकवली.

ऑगस्टमध्ये क्लबाला दहावा प्रशिक्षक आला. लिव्हियू पलीकडच्या खेड्यातल्या संघाला शिकवायला लागला. तिथे मालक नाही, शेडमध्ये कपडे बदलतात आणि सामन्याआधी मैदानावरच्या मेंढ्या हाकलाव्या लागतात. पहिल्याच रविवारी त्याने मधली फळी रिकामी करून सगळे पुढे धाडले. चार-एकने हरले. त्याची बायको सिल्व्हिया मला सांगत होती, घरी येऊन त्याने सारमाले, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, दोनदा वाढून घेतले आणि कागदावर मैदान आखून खेळाडूंच्या जागी वर्तुळं काढत बसला. तिने विचारलं, "काय झालं?"

"चुकलो," तो म्हणाला. "आज मी चुकलो. बघ, इथे." आणि तो तिला समजावून सांगायला लागला.