आईची दाढ आणि माझे बिनतोड मुद्दे

आईची दाढ सुजली तेव्हा तिच्या दुर्दैवानं मी घरीच होते.

एरवी मी विवेकवादी चळवळीची पत्रकं उटनूरच्या आसपासच्या गावांत वाटत हिंडते. पत्रकाचं नाव ‘वाद घालताना फसू नका!’ मजकूर माझा. (उद्गारचिन्हंही माझीच. छापखानेवाल्यानं निम्मी कापली!) त्यामुळं आईनं गाल धरून “आदिलाबादच्या दातवाल्याकडं मी येत नाही” म्हटल्याबरोबर मी बाह्या सरसावल्या.

“काऊन नाही?”

“शेजारच्या शांताबाईनं दाढ काढली अन् महिन्यात चष्मा लागला. दाढेची नस डोयाले जाते.”

“चूक! एकामागून दुसरं झालं म्हणजे पहिल्यामुळंच झालं असं नसतं. शांतामावशी साठीच्या आहेत, चष्मा लागणारच होता!”

“साठीची कोन वं?” कुंपणापलीकडून मावशी कडाडल्या. “मले पंचावन्नावं चालू हाये!” आणि धाडकन दार लागलं.

बाबा मधे पडले. ते सरकारी दफ्तरात कारकून. “आमचे साहेब म्हनतात, दाढेत लवंग धरा. शिकलेला मानूस हाये.”

“साहेब जमिनीचे कागद तपासतात बाबा, दाढा नाही! मोठ्या माणसाचं नाव घेतलं म्हणजे पुरावा होत नाही!”

बाबा लवंगांची पुडी घेऊन ओसरीवर जाऊन बसले. आमच्याकडं पाठ करून.

आई म्हणाली, “आज एक दाढ काढन तो. उद्या दुसरी. मंग कवळी. मंग ज्वारीची भाकर चावनार नाही, अन् मी वाळून मरून जाईन!” एका दमात दाढेपासून तिरडीपर्यंत!

“ही घसरगुंडी! पत्रकात दुसऱ्या पानावर आहे!”

“म्हंजे मी अडाणी, असंच ना?”

“मी असं म्हणालेच नाही! समोरच्यानं न बोललेलं त्याच्या तोंडी घालून त्यालाच झोडपायचं, याला बुजगावणं उभं करणं म्हणतात!”

“आयका! आता माय बुजगावणंबी झाली!”

दुपारपर्यंत मी सगळे मुद्दे जिंकले होते. घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि आईचा गाल डोळ्यापर्यंत चढला होता. मग तिला ताप भरला. तेव्हा मात्र माझी टरकली. पत्रकात तापावर काहीच नव्हतं!

धावत शांतामावशींचं दार वाजवलं. “मावशी, चुकलं माझं. तुम्ही तर पन्नाशीच्याही दिसत नाही. आईला तेवढं समजवा ना!” (खुशामत करून मत वळवणं. पान तिसरं.)

मावशी आल्या, आईच्या उशाशी बसल्या. “हे पाह्य, चष्मा लागला म्हून मीबी रडली. पन तवापासून सून भाजीत किती तेल ओतते ते साफ दिसून राह्यलं! दाढ काढली तं फायदाच झाला मले. चाल, ऊठ.”

आई ताडकन उठून बसली. “असं हाये काय? मंग आधी काऊन नाही सांगितलं वं?”

मावशींच्या एका वाक्यात केवढ्या चुका! मी तोंड उघडलं. बाबांनी त्यात लवंग कोंबली.

दाढ निघाली. परतीच्या बसमध्ये आईशेजारी बसून मी तिला सगळं नीट समजावलं. नस डोळ्याला का जात नाही, ती स्वतः कुठं घसरली, मावशी कुठं घसरल्या. घर येईपर्यंत तिनं माझं बोलणं एकदाही तोडलं नाही. चळवळीत आल्यापासून मी निर्विवाद जिंकलेला हा एकमेव वाद. डॉक्टरनं तिच्या तोंडात कापसाचा बोळा घालून, घरी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं.