सुवर्णाच्या दिव्याचे गुण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. यात सांगण्यासारखं काही नाही, असंच स्वतःला बजावत आलो. मग ते इतकी वर्षं आत का टोचत राहिलं?

आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. माढ्याकडच्या एका खेड्यातून आलो, बी.एड. झालो, आणि त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास सोलापुरातल्या एका शाळेनं मला विज्ञान शिकवायला घेतलं. ते उपकार मी विसरलो नाही. विज्ञान प्रदर्शनात मुलांच्या प्रतिकृतींना मास्तर लोक आवडेल तसे गुण द्यायचे; मी गुणतक्ता आणला. कल्पनेला इतके, प्रतिकृती चालते का याला इतके, लिखाणाला इतके. हेडमास्तर खूश झाले. माझं स्वतःचं म्हणावं असं त्या शाळेत तेवढंच होतं.

देशपांडेसरांकडं सगळंच होतं. वडील शिक्षक, आजोबा वकील. तयारी न करता वर्गावर जायचे, आणि घंटा झाली तरी मुलं उठायची नाहीत. मला म्हणायचे, "काय गुणवाले, तराजू झाला का तयार?" शिक्षकखोली हसायची. मीही हसायचो. त्यांच्या मनात काही वाईट नसायचं — आणि तेच मला सहन होत नव्हतं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रतिकृती जायची होती. निवड माझ्याकडं.

सुवर्णा देशपांडेसरांच्या वर्गातली, नववीतली. वडील कापडाच्या मागावर कामाला, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. तिनं लाकडी चौकटीवर सूत ताणलं होतं आणि प्रत्येक धाग्याला पत्र्याची बारीक पट्टी अडकवली होती. धागा तुटला की पट्टी खालच्या तारांवर पडायची आणि दिवा लागायचा. वडिलांची नजर दुसरीकडं असली तरी त्यांना कळावं म्हणून. निवडीच्या आदल्या दिवशी ती मांडामांड करत होती, मी शेजारीच उभा होतो. तिनं हाक मारली ती देशपांडेसरांना. ते फरशीवर मांडी घालून बसले, स्वतः धागा तोडला, दिवा लागला तसे मोठ्यानं हसले. आणि ती त्यांच्याकडं बघत होती — तसं माझ्याकडं कधी कुणी बघितलं होतं का?

त्या वर्षीचा गुणतक्ता अजून वाटलेला नव्हता. मी त्याच संध्याकाळी — इथं माझा हात अडतो — तक्त्याच्या प्रती काढायचं नवं स्टेन्सिल कापलं. प्रतिकृती चालते का, याचे बरेचसे गुण काढले आणि लिखाणात घातले. सुवर्णाचं मराठी लिखाण कच्चं आहे, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी एकाही गुणाची लबाडी केली नाही. करायची गरजच ठेवली नव्हती.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचा ज्वालामुखी निवडला गेला. देशपांडेसरांनी कागद बारकाईनं पाहिला. "चोख काम आहे तुमचं," म्हणाले, "मला नसतं जमलं."

मधल्या सुट्टीत सुवर्णा आली.

"सर, माझा दिवा लागला की. मग कुटं कमी पडलं?"

मी लिखाणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. ती ते गुण बघत राहिली. रडली असती तर — तर काय? मी सांगितलं असतं का? नाही.

"बरोबर हाय सर," ती म्हणाली. "लिवायचं सुधारते मी."

तिचा विश्वास बसला होता. माझ्यावर नव्हे कदाचित, छापलेल्या कागदावर.

पुढच्या वर्षी तिनं सुंदर वही आणली. मोत्यासारखं अक्षर, लाल शाईनं आखलेला समास, एक खाडाखोड नाही. सोबत पुठ्ठ्याची एक पवनचक्की होती — वर्गातल्या चौघांनी केली होती तशीच, न फिरणारी. त्याच तक्त्याप्रमाणे ती पहिली आली.

निकाल लागल्यावर ती माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागं घेतले नाहीत.