पोचा पडलेला तांब्या

अगं पोरी, फोन जरा कानाला नीट लावून ऐक, लांबनं नुसतं ‘आजी, पाणी पीत जा’ म्हणलं की झालं व्हय? आज तांब्या घासताना त्याच्या पोटाला पडलेल्या पोच्यावर बोट गेलं आन् ती सकाळ आठवली. तुझे आजोबा नुकतेच गेलेले, शेळगावच्या ह्या घरात मी एकटीच. दोघांची ताटं मांडायची सवय, एकटीला जेवण गोड लागंना, पाण्याची तर आठवणच राहीना, मग पोट कुठनं साफ हुणार! बाजारातनं इसबगोलाची भुशी आणलेली, ती चमचाभर कोरडीच तोंडात टाकली आन् वर एक घोट पाणी. भुशी गळ्यातच फुगून बसली. खाली जाईना, वर येईना, आवाज फुटंना. मग हातातला तांब्या मधल्या भिंतीवर आपटत राहिले. “आत्याबाई, भिंत पाडताय का आमची?” ओरडतच शेजारची सूनबाई आली, माझं तोंड बघितलं आन् मला पुढं वाकवून पाठीत धपके घातले, तवा गोळा बाहेर पडला. लासुर्ण्याचा डॉक्टर म्हणला, “आजी, भुशी ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यायची, वर अजून एक ग्लास पाणी. पोटात कळ असली, उलटी होत असली तर घ्यायचीच नाही, आधी इकडं यायचं.” आता तसंच करते गं. पण ती सूनबाई बारामतीला राहायला गेली, भिंतीपलीकडं कुलूप हाय. म्हणून म्हणते, पाणी पी म्हणायचंच असंल तर हितं समोर बसून म्हण, लवकर ये.