जंतूंसाठी मेथीची जुडी

मेथी निवडायला घेतली की त्या कडवट वासाबरोबर मला पिंपरीच्या दवाखान्यातली आमची रक्त तपासायची खोली आठवते. पालेभाज्यांतून मिळणारं, रक्त वाढवणारं फोलेट रक्तात किती आहे, हे मोजायला तेव्हा आम्ही चक्क जंतू पाळायचो. फोलेट हे त्यांचं खाणं; नळीत घातलेल्या रक्तात ते जास्त असलं की जंतू भराभर वाढायचे आणि नळीतलं पाणी गढूळ व्हायचं. एकदा चाकणकडच्या एका पांढऱ्याफटक पडलेल्या गरोदर सुनेची नळी ताकासारखी दाट झाली. "हिच्या रक्तात एवढं फोलेट कुठलं? नळ्या धुता की नुसत्या बुडवता?" म्हणत डॉक्टर माझ्यावरच उखडले. मी रडकुंडीला आले. सासू तिला पुन्हा रक्त तपासायला घेऊन आली तेव्हा मी सासूला विचारलं, "मावशी, उपाशीपोटी आणलंय ना हिला?" "दोन जिवाची पोर उपाशी कशी आनू? डागदरापुढं घराची शोभा नको व्हायला, म्हनून त्या दिशी पहाटंच ताटभर मेथी खाऊ घातली. आजबी घातलीया!" मी कपाळाला हात लावला आणि त्यांना जंतूंची सगळी गोष्ट सांगितली. तिसऱ्या खेपेला सून खरंच उपाशी आली, नळी जवळजवळ नितळ राहिली आणि लगेच फोलेटच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे गुटगुटीत नातवाला काखेत घेऊन मावशी पेढे द्यायला आल्या. जाताना पिशवीतून मेथीची जुडी काढून म्हणाल्या, "ही तुमच्या जंतूंना. सुनंसंगं त्या दिशी त्यांनाबी उपास घडला." आता यंत्र तासाभरात आकडा सांगतं, पण त्याच्यासाठी चाकणहून भाजी कुणी आणत नाही.